‘हात लावू नये’ ही पाटी वगळून सर्व काही

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, वच्छला उत्तरेश्वर नखाते, वय एकोणसत्तर, धंदा पूर्वी विज्ञान शिक्षिका व हल्ली नातेवाइकांच्या काळजीचा विषय, राहणार किल्ल्याच्या रस्त्याला, धारूर, जिल्हा बीड. हे मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही धाकाला किंवा लाडीगोडीला न भुलता लिहीत आहे. धाक थोरल्या दिरांनी घालून पाहिला, लाडीगोडी त्यांच्या मुलाने लावून पाहिली. दोघांची मेहनत वाया गेली, याची नोंद इथेच करते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला, तिथी सांगितली, चंद्र कधी उगवेल ते सांगितले, आणि त्यांच्या टेबलावर खाण्याचा सोडा होता त्यात लिंबू पिळले तर काय होईल तेही करून दाखवले. त्यांनी टेबल पुसले आणि घाईने सही केली.

कलम १. माणसे.

मला पोटचे मूल नाही. या एका वाक्यावर सासरी इतकी चर्चा झाली आहे की कोर्टाने त्यात भर घालू नये.

माझे यजमान कै. उत्तरेश्वर यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. गावातले मुके रेडिओ त्यांच्या हाताखाली बोलायला लागत, ते स्वतः मात्र फारसे बोलत नसत. मला वर्गात लागणारी प्रत्येक वस्तू त्यांनी करून दिली. चष्म्याच्या दुकानातली भिंगे आणि नळाचा पाइप घेऊन त्यांनी दुर्बीण केली, ती आजही चालते. माणूस चालला नाही. चांगल्या माणसांची हमी कोणी देत नाही.

यजमानांचे थोरले बंधू अर्जुनराव हे मी जिथे शिकवले त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यांची, मैदान त्यांचे, घंटासुद्धा त्यांची. विज्ञान तेवढे माझ्याकडे सोडले होते, कारण त्याची कमिटी नसते. त्यांचे चिरंजीव पप्पू. त्याचे पाळण्यातले नाव वेगळे आहे, पण फ्लेक्सवर पप्पूशेठ असेच छापतात, म्हणून कोर्टानेही तसेच समजावे.

कलम २. घर.

धारूर येथील माझे राहते घर, दोन खोल्या, अंगण व गच्ची, हे माझ्या पगारातून घेतलेले असून त्यात सासरच्या एका विटेचाही संबंध नाही. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस शाळेची भिंत, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस अर्जुनरावांचा मोकळा प्लॉट, ज्याला माझ्या घराची जोड मिळाली की तो ‘कॉर्नर’ होतो. उत्तरेस दिवसा किल्ला व रात्री ध्रुव तारा. त्या बाजूला अतिक्रमण करायचे कोणाला अजून सुचलेले नाही.

या घराचे काय केले ते कलम ७ मध्ये आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट तिकडे जावे. घाई कोणाला आहे हे मला ठाऊक आहे.

कलम ३. हे लिहिण्याचे कारण.

गेल्या दिवाळीत पप्पू पेढे घेऊन आला. पाया पडला. इतक्या वाकून पडला की मला वाटले काही हरवले आहे. मग म्हणाला, “काकू, तुमच्या नावानं विज्ञान दालन करायचं ठरलंय. ह्याच घरात. तुमच्या समद्या वस्तू काचंत ठिवायच्या, आतून लायटिंग. येकदम म्युझियमवानी.”

मी विचारले, मुलांनी त्या हातात कधी घ्यायच्या?

“हातात कशाला? भाईरून बगतील की.”

मग त्याने फोनवर फ्लेक्स दाखवला. त्यात अर्जुनराव हात जोडून, पप्पू फोन कानाला लावून, मध्ये तालुक्याचे मान्यवर, आणि खालच्या कोपऱ्यात ओळखपत्राएवढी मी. माझ्या नावामागे ‘कै.’ होते. मी त्या अक्षरावर बोट ठेवले. पप्पू म्हणाला, “त्ये डिझाइनवाल्यानं ॲडव्हान्समधी केलंय काकू. तुमी मनावर घिऊ नका.” मी मनावर घेतले नाही. वकिलाकडे गेले.

दालनाला नाव कोणाचेही द्या, माझी हरकत नाही. हरकत काचेला आहे. आमच्या शाळेची प्रयोगशाळा ज्याने पाहिली त्याला हे वेगळे सांगायला नको. तिला कायम कुलूप. किल्ली अर्जुनरावांच्या देव्हाऱ्यात. तपासणीला साहेब यायचे असले की दार उघडायचे, परीक्षानळ्या पुसायच्या, कपाटावरची ‘हात लावू नये’ ही पाटी पुसायची आणि साहेबांची जीप वळली की पुन्हा कुलूप. आमच्या प्रयोगशाळेत आजवर एक नळी फुटली नाही, असे अर्जुनराव भाषणात छाती फुगवून सांगत. खरेच आहे. चूल पेटवलीच नाही तर भाकरी करपणार कशी?

पुढे एका योजनेतून शाळेला मोठी दुर्बीण मिळाली. ती आली नेमकी नवरात्रात. खंडेनवमीला आपल्याकडे औजारांची पूजा होते. कोयता, नांगर, तराजू, मोटारसायकल, जे ज्याच्या पोटापाण्याचे ते पाटावर. अर्जुनरावांनी दुर्बीण पाटावर ठेवली आणि देवाच्या कपाळाला लावावे तसे थेट पुढच्या भिंगावर हळदी-कुंकवाचे बोट ओढले. मी “भावजी, काच, काच” म्हणेपर्यंत वरून अक्षता पडल्या होत्या. कुंकू ओघळले तेव्हा त्यांनी खांद्यावरचे उपरणे घेऊन ते खसाखसा पुसले, अक्षतांसकट. तेव्हापासून आमच्या शाळेत चंद्रावर ओरखडे आहेत, आणि शनीला कडे आहे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. मुलांनी हात लावून दुर्बीण बिघडवू नये म्हणून मग ती कपाटात गेली.

म्हणून मी माझी शिकवणी घरच्या अंगणात आणली. कुलूप नसलेली तेवढीच जागा माझ्या हातात होती.

कलम ४. वस्तू.

(अ) पत्र्याची मोठी पेटी व तिच्यातील सामान: चुन्याच्या निवळीच्या बरण्या, त्यात फुंकायच्या नळ्या, मेणबत्त्या, जास्वंदीच्या पाकळ्या घासून रंगवलेले कागद, सोडा, फुगे, आणि चिंचेने अर्धीच घासलेली तांब्याची घागर. उरलेला अर्धा भाग मुलांनी घासून बघायचा म्हणून काळा ठेवला आहे. शेजारच्या छबुबाईंना तो काळा भाग बघवत नाही. माझ्या पश्चात त्यांनी मायेपोटी घागर लख्ख करू नये, ही नम्र विनंती.

(ब) नक्षत्रांचे डबे. तेलाच्या डब्यांच्या बुडाला भोके पाडून आत दिवा ठेवला की भिंतीवर नक्षत्र पडते. मृग नक्षत्राच्या डब्याला एक भोक जास्त आहे. ते यजमानांनी माझ्याशी बोलता बोलता पाडले. ते माझ्याशी बोलत होते ही घटना इतकी दुर्मीळ होती की ते भोक कोणी बुजवू नये.

(क) अर्धा काळा, अर्धा पांढरा रंगवलेला चेंडू. चंद्राच्या कला शिकवण्यासाठी मी तसे पुष्कळ रंगवले, त्यांतला एक पप्पूला देते. चेंडूची उजळ बाजू कायम सूर्याकडे धरायची आणि सूर्य जिकडे जाईल तिकडे आपण वळायचे. पप्पूला हे शिकवावे लागणार नाही, जन्मजात येते. पण वस्तू जवळ असावी.

(ड) ‘हात लावू नये’ ही पाटी. निवृत्तीच्या दिवशी मला शाल, श्रीफळ व भाषण मिळाले, पाटी मी स्वतः काढून आणली. ही पाटी मी अर्जुनरावांना देते. ती कुठे लावायची हे त्यांनी ठरवावे. माझे मत विचारलेच, तर संस्थेच्या अनुदानावर लावावी.

(ई) अर्जुनरावांना दिलेली पाटी व पप्पूला दिलेला चेंडू सोडून बाकी सर्व वस्तूंना एकच अट. या वस्तू फुटतील, सांडतील, डाग पडतील. ते होऊ द्यावे. कोणत्याही मुलाला ‘कोणी फोडले’ असे विचारू नये. ‘फुटले तेव्हा काय दिसले’ असे विचारावे.

कलम ५. हळद.

सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी आम्ल आणि आम्लारी शिकवताना कुंकू करायला लावत असे. तळहातावर हळद घ्यायची, चुन्याच्या निवळीचे थेंब सोडायचे, बोटाने मळायचे. पिवळे बघता बघता लाल होते. मग लिंबू पिळले की ते लाल पुन्हा पिवळे. मुले घरी जाऊन देव्हाऱ्यातल्या कुंकवावर लिंबू पिळत आणि मार खात. विज्ञानासाठी मार खाल्लेले विद्यार्थी माझ्याइतके कोणत्याच शिक्षकाने तयार केले नसतील.

यजमान गेले त्या वर्षी मी दिवस उरकून शाळेत हजर झाले, तो पुढचाच धडा हा. अर्जुनरावांनी शिपाई बद्रीनाथकडे निरोप दिला: बाईंनी यंदा तेवढा धडा दुसऱ्याला द्यावा, विधवा बाईने पोरींच्या हातावर कुंकू करणे बरे दिसत नाही. बद्रीनाथ निरोप घेऊन वर्गाच्या दारापर्यंत आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. मी आतून त्याला बघत होते. तास संपला, सगळ्यांचे हात लाल झाले, मुले बाहेर पडली, तेव्हा तो आत आला आणि म्हणाला, “निरोप द्यायला जरा उशीर झाला बाई.”

त्या तासाला एका पोरीने विचारले होते, हे खरे कुंकू आहे का? मी म्हटले, खरे. तर ती म्हणाली, “मंग तुमी लावा की बाई.” मला रडू आले. मुलांसमोर रडले, आणि त्या दिवशी लिंबू पिळून दाखवायचे राहून गेले. त्या पोरीला कोणी दटावले नाही, हे माझ्या वर्गाचे शहाणपण.

सबब माझी इच्छा अशी की मी मेल्यावर माझ्या कपाळाला हळद आणि चुना लावावा, मुलांच्या हातून, जमेल तेवढा लाल. भावकीतून कोणी हरकत घेतली तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याच्या हातात लिंबू द्यावे.

कलम ६. सुकन्या.

सुकन्या सिदू देवकते ही धारूरच्या खालच्या वस्तीवरची. घरचे पावसाळ्यात मेंढरे राखतात आणि दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. आमच्या निम्म्या शाळेचे असेच. दिवाळीनंतर मुले ट्रकमध्ये बसतात, उन्हाळ्यात परत येतात, आणि मधल्या काळात हजेरीपट त्यांना गैरहजर म्हणतो. आभाळ बघायला सर्वांत चांगले महिने नेमके तेच. म्हणून जाणाऱ्या मुलांना मी एक अभ्यास देत असे. हात सरळ पुढे धरून मूठ वळायची. पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी धरून पाण्याच्या रेघेतून समोर बघायचे, ती आपली जमीन. तिथपासून ध्रुवापर्यंत मुठीवर मूठ रचायची. धारूरला दोन मुठी भरतात. जिथे जाल तिथे मोजा, एवढेच सांगत असे. वही नको, पेन नको, हात तर बरोबर जातातच.

सुकन्या सातवीत असताना तिच्या घरचे कर्नाटकातल्या कारखान्यावर गेले होते. एप्रिलात ती परत आली आणि वर्गात उभी राहून म्हणाली, “बाई, तिथं ध्रुव खाली हाय. दीड बोट. मी लई येळा मोजला.”

त्या दिवशी अर्जुनराव पाहुण्यांना शाळा दाखवत फिरत होते. ते दारातच हसले. “आगं पोरी, तू वाढलीस, तुजी मूठ वाढली. तारा कावून खाली येईल?”

शंका चांगली होती, हे मी मान्य करते. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव वैज्ञानिक शंका, म्हणून ती वाया जाऊ दिली नाही. संध्याकाळी पाहुण्यांसकट सर्वांना माझ्या गच्चीवर बोलावले. मूठ वाढली असती तर इथेही ध्रुव कमी भरायला हवा होता. सुकन्याने बाटली धरली, मूठ लावली. दोन भरल्या, पूर्वीसारख्याच. तिने पुन्हा मोजले, पुन्हा दोन. अर्जुनराव म्हणाले, देवाची करणी, आणि चहाचे विचारले. पाहुण्यांपैकी एकाने मात्र चहा थंड होऊ देऊन स्वतःची मूठ लावून पाहिली.

पृथ्वी गोल आहे असे मी फळ्यावर जन्मभर लिहिले. या पोरीने ती उसाच्या फडातून हाताने चाचपली. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तो लपवायचे मला काही कारण दिसत नाही.

कलम ७. घराचे काय केले.

सुकन्या पुढे बी.एस्सी., बी.एड. झाली आणि आमच्याच शाळेत तासिका तत्त्वावर लागली. म्हणजे शिकवायचे पूर्ण आणि शिक्षक म्हणवून घ्यायचे अर्धे. कायम करू, कायम करू असे अर्जुनराव कायमच म्हणत. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी तिला बोलावून सांगितले की बाई तुझे ऐकतात. घर आणि वस्तू दालनाला द्यायला त्यांना राजी कर, तुझी ऑर्डर निघाली समज.

ती सरळ माझ्याकडे आली आणि जसेच्या तसे सांगितले. मी तिला म्हटले, ऑर्डर घे. हे मी मनापासून म्हटले. तिची आई बायडाबाई अजून कोयता घेऊन जाते, कंबर धरली आहे. कायम नोकरी म्हणजे त्या माउलीचा ट्रक सुटला. माझ्या डबड्यांपुढे ते मोठे आहे. काचेतली घागर बघून मला काही होणार नाही, मी मेलेलीच असेन, फ्लेक्सवर तर आधीपासूनच आहे.

सुकन्या घरी गेली. ती येण्याऐवजी उसाची तोड संपल्यावर, एप्रिलात, बायडाबाई आली. अंगणात बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, “बाई, माज्या पोरीला तुमी हातानं आभाळ मोजायला शिकिवलं. आता तिनं काचंवरली धूळ पुसत बसायचं व्हय? कोयता अजून माज्या हातात हाय. न्हाई थकले मी.”

मागून सुकन्या आली होती. तिला मी विचारले, मग मी गेल्यावर हे घर नीट सांभाळशील ना? ती म्हणाली, “बाई, तुमी जायची वाट कशाला बगायची? उद्यापासूनच दार उघडं ठिवू.”

मला हे सुचले नव्हते. मृत्युपत्र लिहायला बसलेल्या माणसाला मरणाशिवाय दुसरे काही सुचत नाही.

तरी, इथपर्यंत थेट उडी मारून आलेल्यांस कळवण्यात येते की कलम २ मधील घर आणि कलम ४ (अ) व (ब) मधील वस्तू, नळाच्या पाइपच्या दुर्बिणीसह, मी सुकन्या सिदू देवकते हिला नोंदणीकृत बक्षीसपत्राने देऊन टाकल्या आहेत. नोंदणी झाली, ताबा दिला, किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आले की कुलूपच नाही. आता मी तिच्या मागच्या खोलीत राहते. भाड्याऐवजी रोज एक तास घ्यायचा, अशी तिची अट आहे. मालकीणबाई कडक आहेत.

अर्जुनरावांनी जूनपासून सुकन्याच्या तासिका बंद केल्याचे कळवले आहे. ती आता सकाळी सिरसाळ्याला एका खाजगी क्लासमध्ये शिकवते आणि दुपारी अंगण उघडते. बायडाबाई दिवाळीनंतर पुन्हा ट्रकमध्ये बसणार आहे. या दोन गोष्टींचा मला राग आहे. इस्टेटीत राग वाटून देता येतो की नाही ते वकील सांगू शकले नाहीत. येत असेल तर तो मी गावातल्या सर्व मतदारांना समान हिश्शाने देते.

कलम ८. उरलेले.

सबब या मृत्युपत्राने वाटायला आता एक चेंडू, एक पाटी आणि एक राग एवढेच शिल्लक आहे. जे मोठ्या आशेने हे वाचायला जमतील, त्यांना रिकाम्या हाताने परत जाताना वाईट वाटेल, याची मला जाणीव आहे. त्यांनी परत जाऊ नये. अर्जुनरावांनी, पप्पूने, कोणीही, दुपारी अंगणात यावे. चपला बाहेर काढाव्यात, पोरांच्या मागे जागा मिळेल तिथे बसावे, आणि सुकन्याबाई जे हातात देतील ते हातात घ्यावे. भावजी, तुम्हाला लहानपणी कोणी काही हातात दिले नसेल, म्हणून तुम्ही असे झालात. अजून वेळ गेलेली नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, हसून सही केले. यापूर्वीचे मृत्युपत्र नाही, यापुढचे करण्याइतका वेळ नाही.

ठिकाण: धारूर, सुकन्या देवकते यांचे अंगण.
तारीख: १५ मे २०२३, शून्य सावलीचा दिवस. तोडीवरून परतलेली मुले उन्हात उभी काठी आणि बाटल्या घेऊन जमली आहेत व सर्वांची सावली पायाखाली गेली आहे. साक्षीदारांनी त्याच वेळी सह्या करायचा हट्ट धरला, म्हणून हा कागद कडक उन्हात धरलेला आहे.

लिहून देणार: वच्छला उत्तरेश्वर नखाते (सही)

साक्षीदार १: बद्रीनाथ, निवृत्त शिपाई. सही केली. बाईंनी आमच्यासमोर व आम्ही बाईंसमोर.

साक्षीदार २: छबुबाई, शेजारीण. डाव्या अंगठ्याचा ठसा. मजकूर वाचून दाखवला असता त्यांनी विचारले की पोरे रोज येणार असतील तर माठ एक पुरेल का. दुसरा माठ त्या उद्या घेऊन येत आहेत.